डूलाचे पैसे वसूल झाले का? बाळ रांगायला लागल्यावर लिहितेय

हॉस्पिटलनं बिलात लावलेले 'जादा अटेंडंट'चे पैसे भांडून भांडून अखेर परत मिळाले, म्हणून आज लिहायला बसले. डूला म्हणजे बाळंतपणात सतत सोबत राहून धीर आणि आधार देणारी, पण वैद्यकीय उपचार न करणारी प्रशिक्षित बाई. इथल्या बहुतेकींना ते माहीत आहे, तेव्हा थेट कामाचं सांगते.

माझ्या कळा पोटात कमी आणि कंबरेत जास्त. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती. कळ चढायला लागली की माझ्या डूला ताई माकडहाडाच्या जरा वर तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवायच्या आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकायच्या. चोळणं नाही, नुसता दाब. कळ पूर्ण ओसरेपर्यंत हात तसूभर हलत नसे. नवऱ्यालाही त्यांनी हे आधी शिकवलं होतं, पण त्याचा हात मध्येच सैल पडायचा आणि मी ओरडायचे. रात्रभर तो दाब धरून ठेवणारं माणूस जवळ असणं, एवढ्या एकाच गोष्टीसाठीही मी फी दिली असती.

फी 25 हजार. मेडिक्लेममधून एक रुपया मिळाला नाही.

शेवटी सिझरच झालं, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये ताईंना घेतलं नाही. पहिले काही आठवडे मला वाटायचं, एवढे पैसे मोजून टाके पोटावरच पडले ना! आता तसं वाटत नाही. डूला म्हणजे नॉर्मलची हमी नव्हे. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात) 17 देशांतल्या 15 हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास आहे. कळांच्या काळात सतत कुणी सोबत असलं तर सिझरचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळ थोडा कमी होतो, असं त्यात दिसलं. कमी होतं, शून्य होत नाही. सिझरचं ठरलं तेव्हा ताईंनी मला आठवण करून दिली, "डॉक्टरांना विचार, बाळाचे ठोके कसे आहेत, अजून थांबता येईल का?" मी विचारलं, डॉक्टरांनी नीट समजावलं, आणि मी कळून-सवरून सही केली. त्यामुळे त्या रात्रीबद्दल मनात सल नाही. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला काखेत धरून पाजायचं, हेही त्यांनीच दाखवलं.

तक्रारी दोन. घरी येऊन भेट ठरली होती, ती व्हिडिओ कॉलवर उरकली. हे मला अजिबात पटलं नाही.

दुसरी हॉस्पिटलची. सातव्या महिन्यात "चालेल" म्हणाले, आणि ऐन वेळी लेबर रूमच्या दारात "नवरा किंवा डूला, एकच"! कळा सोसत मी वाद घातला, तेव्हा दोघांना सोडलं आणि वर बिल लावलं. केंद्र सरकारनं 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांतसुद्धा बाळंतिणीजवळ सोबतीण असू द्यायला मान्यता दिली आहे. मग हजारो रुपये घेणाऱ्या खासगी हॉस्पिटलनं असं अडवावं?

पुन्हा वेळ आली तर डूला घेईनच. फक्त डॉक्टरांकडून परवानगी फाईलवर लिहून घेईन, आणि फीचा शेवटचा हप्ता घरची भेट झाल्यावरच देईन.