खजुराहो-पन्ना सहल : गाइड सोन्यासारखे, वेळापत्रक घाईचं

वारसा, वन्यजीव आणि अध्यात्म हे तिन्ही एकाच पॅकेजात देणाऱ्या मध्य प्रदेशच्या सहली आता पुण्या-मुंबईहून बऱ्याच निघतात. फेब्रुवारीत मी आणि माझी नणंद अशाच एका सहलीला जाऊन आलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही. आपण पैसे भरतो ते बस, हॉटेल आणि जेवणाचे. सहल मात्र तरते ती त्या-त्या गावच्या गाइडच्या जिवावर. आम्हाला खजुराहो, पन्न्याचं जंगल आणि पन्ना शहर अशा तिन्ही ठिकाणी अस्सल जाणकार माणसं भेटली. त्यांच्याबरोबर घालवायला वेळ मात्र अपुरा मिळाला.

खजुराहोच्या मंदिरांचा पश्चिम समूह सूर्योदयापासून उघडा असतो. आम्ही पोचलो नाश्ता-बिश्ता उरकून, ऊन चढल्यावर. गाइड तिथलाच, वडिलांपासून हेच काम करणारा. सगळ्यांची पावलं कंदारिया महादेवाच्या सर्वांत मोठ्या मंदिराकडे वळत होती, पण त्याने आधी लक्ष्मण मंदिरासमोरच्या छोट्या वराह मंडपात नेलं. एकाच दगडात घडवलेला भलामोठा वराह, आणि त्याच्या अंगभर ओळीने कोरलेल्या ६७४ लहान-लहान मूर्ती. लांबून ती नुसती खडबडीत कातडी वाटते. गाइडने नणंदेला थेट वराहाच्या तोंडासमोर उभं केलं आणि म्हणाला, "दीदी, नाक के नीचे देखिए." तिथे वीणा घेतलेली सरस्वती! नाक आणि तोंडाच्या मधल्या जागेत, जिथून वाणी बाहेर पडते तिथे. आम्ही दोघी किती तरी वेळ तिथून हललो नाही.

लक्ष्मण मंदिरातही त्याने आधी वर चढू दिलं नाही. जोत्याभोवती जो कोरीव पट्टा फिरतो तो उकिडवं बसून पाहायला लावला. हत्ती, घोडे, उंट, वाजंत्री, कूच करणारं सैन्य, म्हणजे ही मंदिरं बांधणाऱ्या चंदेल राजांच्या काळचा रस्ताच. हे मंदिर इ.स. ९५४ च्या आसपासचं, यशोवर्म्याने उभारलेलं; गाभाऱ्यात वैकुंठ विष्णू, मधलं मुख माणसाचं आणि दोन बाजूंना सिंह व वराह. दगडात चुना नाही की गारा नाही, खाच आणि खुंटी अशी जोडणी आणि वरच्या दगडांचं वजन, एवढ्यावर हे हजार वर्षं उभं आहे. मग कंदारिया. सुमारे ३१ मीटर उंची, मुख्य शिखराला बिलगलेली ८४ छोटी शिखरं. पायऱ्या उंच आहेत; गुडघे दुखणाऱ्यांनी काठी बरोबर घ्यावी.

मिथुनशिल्पांबद्दल मला धाकधूक होती, कारण आमच्या गटात दोन शाळकरी मुली होत्या. त्याने ना ती टाळली, ना डोळे मिचकावले. एकूण शिल्पांत ती थोडीच आहेत, आणि मंडप व गर्भगृह यांना जोडणाऱ्या भिंतीवर त्यांची दाटी जास्त का, यावर अभ्यासकांची मतं काय आहेत, हे त्याने सरळ सांगितलं. मुलींच्या आईनेही नंतर त्याचे आभार मानले.

आता तक्रार. तिकिटाच्या कुंपणाबाहेर, अगदी लागूनच, मतंगेश्वर आहे. इथल्या प्राचीन मंदिरांत आजही नित्य पूजा चालते ती इथेच, आणि अडीच मीटर उंचीचं शिवलिंग चौथऱ्यावर चढून पुजावं लागतं. माहितीपत्रकात "अध्यात्म" असं ठळक छापलेलं होतं, तरी संध्याकाळच्या आरतीची वेळ कंपनीने हस्तकलेच्या एका दुकानाला दिली. आम्ही दोघी दुकानातून निघून रिक्षाने मंदिरात गेलो. टूर मॅनेजर नाराज झाला. मला त्याचं काही वाटलं नाही.

पन्न्यात वाघ दिसला नाही, आणि तरीही मी सफारीला पूर्ण गुण देते. २००९ मध्ये या जंगलात एकही वाघ उरला नव्हता. मग बांधवगड आणि कान्ह्याहून वाघिणी आणल्या आणि पेंचहून एक नर. तो नर, टी-३, थोड्याच दिवसांत पन्ना सोडून आपल्या जुन्या जंगलाच्या दिशेने दक्षिणेला निघाला. वनखात्याची माणसं हत्ती घेऊन कित्येक दिवस त्याच्या मागावर, शेवटी बेशुद्ध करून परत आणला, आणि एप्रिल २०१० मध्ये टी-१ वाघिणीला बछडे झाले. आमचा जिप्सीतला गाइड हे सांगताना घरातल्या बाळंतपणाची बातमी द्यावी तसा खुलला होता. आज तिथे जे वाघ आहेत ते या कुटुंबाचे. धुंधवा सेहा या दरीच्या कड्यावर गिधाडं दिसली, खाली घरट्यांशी आणि वर उन्हात पंख पसरून. आपल्याकडे गिधाडं दिसेनाशी झालेल्या पिढीला हे दृश्य वाघाइतकंच मोठं आहे. त्याच गाइडने केन आणि बेतवा या नद्या जोडणाऱ्या प्रकल्पाचा विषयही काढला. दौधन धरणाची पायाभरणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली आणि व्याघ्र प्रकल्पातलं बरंच जंगल त्याच्या पाण्याखाली जाणार आहे. तो हळू आवाजात बोलत होता, पण बोलला, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

सगळ्या सहलीत सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पॅकेजात नव्हतीच. पन्न्याला पारधी समाजाचे तरुण जंगलाच्या कडेने पायी फेरी घडवतात. आम्ही चौघांनी मॅनेजरकडे हट्ट धरला आणि वेगळे पैसे भरून गेलो. ज्यांचे आजोबा-पणजोबा फासे लावून शिकार करायचे, तीच नजर आता वाट दाखवायला वापरतात. धुळीतल्या एका ठशापाशी आमचा वाटाड्या बसला, बोटाने कडा चाचपली आणि हे अस्वल, मागचा पाय, पहाटे दव पडून गेल्यावर गेलेलं, असं सांगितलं. कसं ओळखलं ते विचारलं, तर ठशाच्या आतली कोरडी माती दाखवली आणि बाहेरची दवाने बसलेली. नंतर तित्तिराची साद घातली, आणि झुडपातून उत्तर आलं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांच्याबद्दल आपल्या महाराष्ट्रातही अजून काय बोललं जातं, ते आपण ऐकतोच. आमच्याबरोबरच्या दोन पारधी मुलांनी आम्हाला जेवढं जंगल शिकवलं तेवढं जिप्सीतून कधी कळलं नसतं. ही फेरी प्रत्येक कंपनीने पॅकेजात घ्यावी आणि त्यांचे पैसे त्यांना नीट द्यावेत.

पन्ना शहरातलं प्राणनाथ मंदिर मॅनेजरने अर्ध्या तासात उरकलं, आणि बसमध्ये मस्तानीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. मराठी प्रवाशांना ती आवडते, खरं आहे. १७२९ मध्ये मोगल सरदार बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने छत्रसालाला सोडवलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण या छत्रसालाचे गुरू महामती प्राणनाथ; त्यांच्या प्रणामी पंथाच्या या मंदिरात पूजा मूर्तीची होत नाही, ग्रंथाची होते. 'कुलजम स्वरूप' मुकुट-वस्त्रं घालून सिंहासनावर ठेवलेला असतो, आणि त्यातल्या १८,७५८ चौपाई-पद्यांत वेद-पुराणांच्या बरोबरीने कुराणाचाही विचार आहे. घुमटही हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही धाटणींचा. हे मला तिथल्या एका वयस्कर सेवकाने सांगितलं, तेही बाकीचे बसमध्ये बसून हॉर्न वाजत असताना.

जेवण रोज पोळी-भाजी, वरण-भात. चव उत्तम, पण बुंदेलखंडात जाऊन गक्कड-भरता (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत) खायला आम्हाला रस्त्यावरची टपरी गाठावी लागली. हॉटेलं स्वच्छ होती, बस वेळेवर.

बुकिंग करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचारा: खजुराहोला सूर्योदयाला नेणार का, पारधी फेरी आहे का, आणि दुकानांना किती वेळ राखलाय. उत्तरं गोलमोल आली तर खजुराहोपर्यंत रेल्वेने जा, गाइड तिथेच ठरवा. सफारीचं बुकिंग मध्य प्रदेश वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं, ओळखपत्र मूळ न्यावं लागतं, आणि जुलै ते सप्टेंबर जंगल बंद असतं. आम्ही दोघी शरद पौर्णिमेला प्राणनाथांच्या उत्सवासाठी पुन्हा निघतोय, या वेळी कंपनीशिवाय. पारधी मुलांना आधीच फोन केलाय.