डोळा नसलेले पान : होया घेताना झालेली माझी फसवणूक

जानेवारी २०२२ च्या अखेरीस मी समाजमाध्यमावर झाडे विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून होया या फुलवेलीची दोन रोपे मागवली, एक पुण्यातील माझ्या घरासाठी आणि दुसरे साताऱ्याला आईसाठी. प्रत्येक रोपाचे ४५० रुपये आणि दोन्हींची मिळून पाठवणावळ १२० रुपये पडली. जाहिरातीतील छायाचित्रात खिडकीच्या गजांवर चढलेली वेल होती, तिला हृदयाच्या आकाराची जाड, गुळगुळीत पाने होती आणि पानांच्या बगलेतून मेणाची वाटावीत अशा पांढुरक्या फुलांचे झुबके लोंबत होते. खोक्यातून निघाले ते मात्र पांढऱ्या चिनी मातीच्या छोट्या कुंडीत उभे खोवलेले एकच पान. मी लगेच विचारले, तेव्हा उत्तर आले की हे ‘बेबी प्लांट’ आहे, होया अशीच वाढू लागते, सहा महिन्यांत वेल धरेल आणि दोन वर्षांत फुले येतील.

मी त्यावर विश्वास ठेवला, आणि तो का ठेवला हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते, कारण अनेकांची फसगत याच ठिकाणी होत असावी. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पानफुटीचे पान वहीत किंवा ओल्या मातीवर ठेवून त्याच्या कडेला फुटलेली इवलीशी रोपे पाहिलेली आहेत. स्नेक प्लांटच्या पानाचा तुकडा मातीत लावला की काही महिन्यांनी शेजारी नवा कोंब येतो, हे तर मी स्वतः केलेले होते. त्यामुळे पानापासून वेल होणे मला अजिबात खोटे वाटले नाही.

ही होया केरी जातीची. थायलंडमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या आर्थर केर या आयरिश डॉक्टरांच्या नावावरून तिचे नाव पडले आणि १९११ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. आग्नेय आशियातील जंगलांत ती झाडांवर चढून कित्येक फूट वर जाते. पानाच्या आकारामुळे व्हॅलेंटाइन डेच्या आधी तिच्या सुट्या पानांना जगभर मागणी असते. ही वेल खरोखरच फार सावकाश वाढते आणि नेमके हेच सत्य माझ्या विक्रेत्याने ढालीसारखे वापरले. सहा महिन्यांनी मी तक्रार केली, तेव्हा त्याने धीर धरायला सांगितले. वर्षाने पुन्हा विचारले, तर माती चुकीची आहे असे सांगून ३८० रुपयांचे ‘खास होया मिश्रण’ घ्यायला लावले. त्यानंतर चार महिन्यांनी मुळांसाठी म्हणून २९० रुपयांची द्रवखताची बाटली विकली. या दोन्ही खेपांना पाठवणावळीचे प्रत्येकी ६० रुपये वेगळे घेतले. पहिल्या खेपेच्या १,०२० रुपयांत हे ७९० मिळवले की एकंदर १,८१० रुपये होतात. दर वेळी दोष माझ्या मातीचा, माझ्या पाण्याचा किंवा माझ्या घाईचा असे, आणि मलाही तसेच वाटू लागले होते.

पैशांपेक्षा मला आईचे वाईट वाटते. ती दर रविवारी ओल्या मऊ कापडाने ते पान दोन्ही बाजूंनी पुसत असे, कुंडी ऊन फिरेल तशी सरकवत असे आणि फोनवर न चुकता सांगत असे की अजून काही फुटले नाही, पण पान टवटवीत आहे.

२०२३ च्या दिवाळीत वाळवा तालुक्यातले मामा पुण्याला आले होते. त्यांचा सगळा जन्म उसाच्या शेतीत गेला आहे. मी त्यांना कुंडी दाखवली, तेव्हा त्यांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरायला सांगितले आणि पान अलगद मातीसकट उपसून काढले. खाली पांढऱ्या, निरोगी मुळांचा चांगला बोटभर जुडगा होता. मामांनी माती झटकली, देठावरून अंगठ्याचे नख वरपासून खालपर्यंत फिरवले आणि पान माझ्यापुढे धरले.

“अगं, याला डोळा कुठं आहे?” ते म्हणाले. “मुळं झकास आहेत, पण डोळाच नाही, तर कोंब कुठनं येणार? आम्ही बेणं घेताना आधी डोळा बघतो. डोळा मेलेली टिपरी कुणी फुकट दिली तरी लावत नाही.”

मी भिंग आणून पाहिले. देठाच्या टोकाला भरून आलेल्या जखमेची गोल गाठ होती आणि तिच्यातूनच मुळे निघाली होती. खोडाचा कणही त्याला चिकटलेला नव्हता.

उसाच्या टिपरीला, म्हणजे लागणीसाठी तोडलेल्या कांडीच्या तुकड्याला, जे लागू, तेच होयाला. वेलीचा नवा फुटवा पेरावरच्या डोळ्यातून, म्हणजे पान जिथे खोडाला जोडलेले असते त्या बगलेतल्या कळीतून निघतो. नुसते पान देठाशी तोडून लावले, तर होयाच्या देठाला मुळे सहज येतात. मुळे पाणी पुरवतात, हिरवे पान स्वतःचे अन्न तयार करते आणि त्यामुळे ते वर्षानुवर्षे जिवंत राहते. पण फुटवा देणारा डोळाच नसल्यामुळे त्याची वेल होत नाही. पानफुटीच्या पानाला कडेच्या खाचांतून रोपे फुटतात आणि स्नेक प्लांट पानाच्या कापलेल्या टोकाशी नवा कोंब तयार करू शकते. होयाच्या सुट्या पानाकडून तशी अपेक्षा धरता येत नाही. पानासोबत पेराचा लहानसा तुकडा कापून आला असेल, तर क्वचित फुटवा येतो, मात्र त्यासाठीही फार थांबावे लागते.

एक गोष्ट मी न्यायाने सांगते. हे पान आहे आणि पानच राहील, असे सांगून कोणी ते शोभेसाठी विकत असेल, तर त्यात फसवणूक नाही. माझी तक्रार वेलीच्या आणि फुलांच्या वचनाबद्दल आहे, आणि ते वचन मोडीत निघालेले असतानाही माती आणि खत विकत राहण्याबद्दल आहे. जो माणूस शेकड्याने पाने खोवून विकतो, त्याला डोळ्याची गोष्ट ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. देठाचे छायाचित्र पाठवून मी खुलासा मागितला, तेव्हा दोन दिवस काहीच उत्तर आले नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉक केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला माहीत होता, परंतु माझ्याकडे बिल नव्हते, विक्रेत्याचे खरे नाव आणि पत्ता नव्हता, होत्या त्या फक्त यूपीआयच्या नोंदी. रोप साडेचारशेचे असले तरी बिल मागून घ्या आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवा. माझ्या हाती तेही उरले नाही, कारण ती जाहिरात त्याने काढून टाकली होती.

त्यानंतर मी रोपवाटिकेत स्वतः जाऊन होया कार्नोसा या दुसऱ्या जातीचे रोप २५० रुपयांना घेतले. घेण्यापूर्वी तीन पेरे मोजली, पेराशी समोरासमोर आलेली पाने पाहिली आणि खोड हलकेच ओढून ते मुळांनी धरलेले आहे याची खात्री केली. नुकतेच खोवलेले, मुळे न धरलेले फाटेही रोप म्हणून विकले जातात. घरी आणल्यावर ती कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली, नारळाच्या सालीचे तुकडे, पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) आणि थोडे गांडूळखत असे मोकळे मिश्रण भरले आणि ते बरेचसे सुकल्याशिवाय पाणी दिले नाही. मध्यंतरी वेलीने बिनपानांची हातभर लांब दोरी काढली. ती वाळकी समजून बरेच लोक छाटतात, पण पाने नंतर त्याच दोरीवर येतात. फुलांचा दांडाही फुले गळल्यावर कापायचा नसतो, कारण पुढचा बहर पुन्हा त्याच दांड्यावर धरतो. मे २०२५ मध्ये पहिला झुबका उमलला, तेव्हा संध्याकाळनंतर सगळी खोली गोड वासाने भरून जात असे आणि सकाळी खिडकीच्या कठड्यावर मधाचे चिकट थेंब पडलेले दिसत.

आईला होया केरीच हवी होती. म्हणून मी तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न पाठवला : कुंडीतून काढून पेराचे आणि मुळांचे छायाचित्र पाठवाल का? एकाने उत्तर दिले नाही, दुसऱ्याने ‘रोप काढले तर मरेल’ असे कळवले. तिसऱ्याने दुसऱ्या दिवशी छायाचित्र पाठवले. त्यात दोन पानांच्या मधोमध खोडावर मोहरीएवढा हिरवा डोळा स्पष्ट दिसत होता. त्याने ७०० रुपये सांगितले, बिलही दिले, आणि ते रोप आता साताऱ्याच्या खिडकीत त्या जुन्या पानाशेजारी आहे. आई रविवारी दोन्ही पुसते.