हेलिओस सोनीवर: एम४२ अ‍ॅडॉप्टर कसा आहे?
माझी लाडकी जुनी सोव्हिएत लेन्स हेलिओस ४४-२ सोनीच्या ई-माउंट (लेन्स बसवायची सोनीची जोडणी) कॅमेऱ्यावर बसवायला साधा एम४२ अ‍ॅडॉप्टर (एम४२ म्हणजे जुन्या लेन्सची आट्यांची जोडणी) घेतला आणि मी जाम खूश आहे. आत काच नाही, नुसती धातूची नळी. काचेची गरजच नाही: एम४२ लेन्सला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनीत ते १८ मिमी. उरलेलं अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. त्यामुळे दूरचे डोंगरही धारदार येतात. घट्ट बसवल्यावर लेन्सवरची खूण मात्र मधोमध न येता डावीकडे राहते, हे खटकतं. फोकस हातानेच, मी चित्र मोठं करून पापण्यांवर लावते. एफ२ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, मागच्या पानांतला उजेड काय सुंदर गरगरतो! कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नाही, म्हणून मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करून ठेवा, नाहीतर फोटो निघणारच नाही.