बाहेरून एम.ए. करताय? आधी असाइनमेंट कोण तपासतं ते विचारा

सोलापुरात नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करावं का, असं विचारणाऱ्या बायका-मुली मला सारख्या भेटतात. फी किती, पुस्तकं मिळतात का, रविवारी तासाला जावं लागतं का, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मार्क कसे देतात यावर मात्र कुणी धड बोलत नाही. माझ्या मते बाहेरून शिकणाऱ्यासाठी अभ्यासक्रमाची खरी पारख तिथेच होते, म्हणून हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे.

मी एका मुक्त विद्यापीठातून मराठी माध्यमात एम.ए. समाजशास्त्र करतेय. विद्यापीठाचं आणि अभ्यासकेंद्राचं नाव लिहीत नाही, कारण एकाच विद्यापीठाच्या दोन केंद्रांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ढाचा मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच सापडेल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020 च्या नियमावलीनुसार दूरशिक्षणात अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त 30 टक्के आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षेला किमान 70 टक्के वजन असतं. ते 30 म्हणजे आमच्या घरी लिहायच्या असाइनमेंट आणि 70 म्हणजे तीन तासांचा लेखी पेपर. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकात राहिलं तर दुसऱ्यातले जास्तीचे मार्क इकडे वळत नाहीत.

परीक्षेबद्दल माझी फारशी तक्रार नाही. आमच्या हॉलमध्ये एसटीचे कंडक्टर असतात, अंगणवाडीच्या ताई असतात, रात्रपाळी करून थेट आलेला हवालदार असतो. वर्गात कोण कुठे बसायचं, कुणाची ओळख कुणाशी, याचा तिथे काही संबंध नाही. उत्तरपत्रिकेवर नंबर, बस्स. निकाल पटला नाही तर पैसे भरून फेरतपासणी मागता येते. ही पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाते, हे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मला वाटतं, त्या विश्वासामागे ही 70 टक्क्यांची परीक्षाच आहे. प्रश्न मात्र अजूनही ‘टिपा लिहा’ छापाचे. भरभर लिहिणाऱ्याचं फावतं, आणि चाळिशीनंतर पुन्हा पेन धरलेल्या बाईचा हात दुसऱ्या तासाला भरून येतो.

वेळापत्रक मात्र आम्हा सोलापूरकरांना जड जातं. मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात बिलिंगला आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे एप्रिलपासून मालाची घाई. असाइनमेंटची शेवटची तारीख आणि उन्हाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. बाहेर पारा चाळिशीच्या वर, दारात डिस्पॅचचे गठ्ठे, आणि डोक्यात समाजशास्त्रज्ञ दुर्खीम. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) 30 तास अभ्यास धरतात, म्हणजे चार श्रेयांकांच्या पेपरला 120 तास. सीझनमध्ये ते निघत नाहीत, दिवाळीपासूनच काढून ठेवावे लागतात. माझ्यासारख्यांनी शक्य असेल तर जास्त पेपर हिवाळी सत्राला ठेवावेत.

आता असाइनमेंटकडे येते, कारण खरं सांगायचं ते इथेच आहे. लोक तिला ‘कागद भरून द्यायचे’ एवढंच समजतात. झेरॉक्सच्या दुकानात तयार उत्तरं विकत मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर फुकट फिरतात. पण आपल्याला रोज शिकवायला समोर कुणी नसतं. आपण काय लिहिलं ते वाचून कुणीतरी जाणतं माणूस आपल्याला उत्तर देतं, अशी वर्षातली एकच जागा आहे, असाइनमेंटचा समास. ती तयार उत्तरांनी भरणं म्हणजे भरलेल्या फीचा सगळ्यात मोलाचा भाग सोडून देणं.

असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांवर प्रश्न होता. आमच्या कारखान्यातल्या एका अक्कांची सासू पूर्व भागात आयुष्यभर विड्या वळत आली. तिच्याकडून समजून घेऊन मी लिहिलं. कारखान्यातून पानं-तंबाखू घरी आणायची, वळलेल्या विड्या परत नेऊन द्यायच्या, मजुरी हजार विडीवर, आणि तपासणीत बाजूला काढलेल्या विडीचा पैसा नाही. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कामगार मानलं होतं, हेही घातलं. मार्क बरे मिळाले. पण परत आलेल्या कागदावर विड्या बाजूला काढण्याच्या वाक्याखाली हिरव्या पेनाची रेघ होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘विडी बाद ठरवण्याचा अधिकार कुणाकडे? इथे सत्तेची चर्चा हवी होती. घटक 3 पुन्हा पाहा.’

पुस्तकातला तो घटक मी आधी वाचला होता. त्या ओळीनंतर वाचला तेव्हा समजला. मग मी अक्कांच्या सासूला पुन्हा भेटायला गेले, तर त्यांनी विड्यांची तपासणी कशी चालायची ते तासभर सांगितलं. ज्यांनी तो शेरा लिहिला ते सर की मॅडम, मला आजवर माहीत नाही. त्यांना एका कागदामागे फार काही मानधन मिळत नसणार. त्यांचे उपकार मानते.

पुढच्या सत्रात दुसऱ्या केंद्रावर कागद दिले. त्यातले परत आले तेव्हा प्रत्येक उत्तराखाली एक बरोबरची खूण आणि शेवटी गोलात आकडा. काय चुकलं, काय जमलं, एक शब्द नाही. मार्क मागच्यापेक्षा जास्त होते, तरी मला वाईट वाटलं. असाइनमेंटला आमच्याकडे फेरतपासणी नसते, त्यामुळे तो आकडा कशाचा हे विचारायला जागाच नाही. अभ्यासक्रमावर माझा एकमेव मोठा आक्षेप हाच. दोन ओळींचा शेरा सक्तीचा करा, आणि शेरा नसलेला कागद तपासला असं धरू नका.

हातानेच लिहायची अट पुष्कळांना जाचक वाटते. मला ती पटते. त्याच हाताला पुढे तीन तास लिहायचंय, आणि उतरवून काढतानासुद्धा थोडं तरी डोक्यात शिरतं. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक आणि विषयाचा सांकेतांक नीट घाला, सगळ्याची झेरॉक्स ठेवा, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका. मार्क ऑनलाइन चढले नाहीत तर ती पोचच कामी येते.

प्रवेश घेणार असाल तर फॉर्म भरण्याआधी रविवारी केंद्रावर जा. साहेबांना भेटायची घाई करू नका, बाहेर थांबलेल्या दुसऱ्या वर्षाच्या कुणाला तरी गाठा आणि त्यांची तपासून आलेली असाइनमेंट दाखवायला सांगा. समासात अक्षरं दिसली तर तिथेच नाव घाला. नुसते आकडे दिसले, किंवा ‘आम्हाला कागद परत मिळतच नाहीत’ असं कळलं, तर दुसरं केंद्र बघा, मग ते घरापासून लांब असलं तरी चालेल.