पीएम स्वनिधीचं 10 हजारांचं कर्ज: पूर्ण फेडल्यानंतरचा अनुभव

आमची इस्त्रीची टपरी आहे, पुण्यात, तीन-चार मोठ्या सोसायट्यांच्या मधोमध. 2020च्या दिवाळीच्या आसपास आम्ही पीएम स्वनिधीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या फेरीवाल्यांसाठीच्या योजनेचं, पहिलं कर्ज घेतलं, वर्षाने ते फिटलं आणि मग 20 हजारांचं दुसरं घेतलं. घ्यावं का, असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहिते.

योजना 1 जून 2020 ला सुरू झाली. 24 मार्च 2020 किंवा त्याआधीपासून रस्त्यावर धंदा करणाऱ्याला 2025 पर्यंत पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत कर्ज मिळायचं, तारण नाही, जामीनदार नाही, बारा महिन्यांत फेड. भाजीवाले, चहावाले तर आहेतच, पण चांभार, न्हावी, इस्त्रीवालेही त्यात बसतात. हे आमच्या ओळीतल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं.

कागद फार लागत नाहीत. पालिकेचं प्रमाणपत्र असेल तर ठीक, नसेल तर शिफारसपत्र घ्यावं लागतं. खरी अडचण आधारची. आधारला जोडलेला नंबर बंद पडला असेल तर ओटीपी येत नाही आणि गाडी तिथेच अडते. आधी ते करून घ्या.

बँकेचं मात्र विचारू नका. मंजुरीचा मेसेज येऊनही शाखेत फाईल पडून राहिली. आधी साहेब रजेवर, मग "तुमचं मूळ गाव कुठलं, तिकडच्या शाखेत बघा", मग सोबत विमा काढा म्हणून आग्रह. विमा या कर्जाची अट नाही, हे मी ठणकावून सांगितलं तेव्हा काम हललं. नवरा एकटा गेला असता तर काढून आला असता.

हप्ता नऊशेच्या आत बसला. वेळेवर भरलं की वर्षाला 7 टक्के दराने होणारं व्याज सरकार खात्यात परत टाकतं. वर्षभराचे मिळून चारशेच्या आतबाहेर झाले. रक्कम छोटी वाटेल, पण आमच्याकडचा रोज वसुली करणारा सावकार दहा हजार सांगून नऊच हातात ठेवतो आणि रोज शंभर नेतो, शंभर दिवस. त्याच्यापुढे हे कर्ज म्हणजे माहेर.

क्यूआरवरच्या कॅशबॅकची जाहिरात मोठी होती: महिन्याला शंभरपर्यंत, वर्षाला 1,200. आम्ही घेतलं तेव्हा व्यवहार किमान 25 रुपयांचा लागायचा आणि महिन्यात पन्नास झाले की पहिले 50 रुपये. आमची गिऱ्हाइकं वहीत मांडतात, महिनाअखेरीला एकदम देतात. पन्नास व्यवहार कुठून आणायचे? शेजारच्या चहावाल्याचे शेकड्यांनी, पण दहा-दहा रुपयांचे, म्हणून धरलेच जात नव्हते. नियम लिहिणाऱ्याने टपरीवर एक दिवस उभं राहायला हवं होतं. क्यूआरचा फायदा वेगळाच झाला, उधारी लवकर यायला लागली. "सुट्टे नाहीत" हे कारण संपलं.

आता मुख्य गोष्ट. हे खेळतं भांडवल आहे, बुडालेल्या कमाईची भरपाई नाही. भाजीवालीला दहा हजार मिळाले की ती पहाटे मार्केट यार्डातून माल उचलते, संध्याकाळी पैसा हातात. तिचा पैसा रोज फिरतो. आम्ही काय भरणार? कोळसा? टाळेबंदी उठली तरी सोसायट्या आत घेत नव्हत्या, गेटवर गाठोडी घ्यायची, तिथेच द्यायची. तेही कसले कपडे? ऑफिस घरून, म्हणून नुसते शर्ट. पँट महिनोन्महिने आलीच नाही. कॅमेऱ्यात दिसतं तेवढ्यालाच इस्त्री! काम निम्म्याहून खाली आणि हप्ता पूर्ण. पहिले काही हप्ते माझ्या पोळ्यांच्या कामातून गेले, हे स्पष्ट सांगते.

राज्य सरकारने 13 एप्रिल 2021 ला नोंदणीकृत फेरीवाल्यांना 1,500 रुपये जाहीर केले, ते न फेडायचे होते. घरात वाणसामान त्यावर आलं. पण दीड हजारात धंदा उभा राहत नाही आणि कर्जावर चूल चालवू नये. दोन्ही लागतात, आणि न फेडायचं जे होतं ते फारच थोडं होतं.

आमचं कर्ज वाया गेलं नाही, कारण त्यातून गॅसची इस्त्री आणि पाच किलोचा सिलिंडर घेतला. पितळी इस्त्रीत निखारे फुलेपर्यंत सकाळचा अर्धा तास जायचा, राख उडून पांढऱ्या शर्टावर ठिपका पडला की बोलणी वेगळी. आता कॉक फिरवला की काम सुरू. ऑफिसं उघडून पँटा परत आल्या तेव्हा तो अर्धा तास कामी आला.

मालाचा धंदा असेल तर डोळे झाकून घ्या. हातकामाचा असेल तर आधी ठरवा, पैसे कोणत्या वस्तूत घालणार. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि वेळेवर फेडलं की पुढच्या कर्जाला पात्र; 2025 पर्यंत ते 20 हजारांचं होतं. ते फेडायला दीड वर्ष मिळायचं. आम्ही त्यातून टपरीला पत्रा आणि दुसरं टेबल केलं. तिसरं 50 हजारांचं आहे म्हणतात. नवरा तयार आहे, मी अजून नाही.