आठ लिटर तेल, १६,२२५ रुपये आणि न उघडलेला बोल्ट

आधी आकडा सांगून टाकतो, कारण तो उच्चारायला मला तीन आठवडे लागले. सोळा हजार दोनशे पंचवीस रुपये, गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलण्याचे. घरी मी आठ हजार सांगितले आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणी मला ओळखत असेल, तर कृपा करून घरी फोन करून सांत्वन करू नये.

मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करून निवृत्त झालो. एकतीस वर्षं लोकांची व्हाउचरं तपासली. तीन वेगळ्या दुकानांच्या पावत्या एकाच हस्ताक्षरात असल्या, तर त्या मला दारातूनच दिसायच्या. हे मोठेपणा म्हणून नाही सांगत. असला माणूस कसा गंडतो, ते कळावं म्हणून सांगतोय.

गाडी डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग). धाव ६२,४०० किलोमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव वाचलं की बाकी कंपन्यांच्या गाड्या असलेले निर्धास्त होतात. खंबाटकी घाट चढताना दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना हलकासा झटका लागायचा. एवढंच. बाकी गाडी उत्तम. पण ऑटोमॅटिक गाडीवाल्याच्या मनात एक भीती कायम बसलेली असते, गिअरबॉक्स गेला तर लाखांत जाईल, आणि हे लोक नेमके त्याच भीतीवर बोट ठेवतात. १४ जून, शनिवार. हायवेलगतच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. टॅबलेट घेतलेला पंचविशीतला सल्लागार म्हणाला, "काका, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय? नाही? मग आजच करून घ्या. हा बसला तर अडीच लाखांच्या खाली काही होत नाही." अडीच लाख ऐकल्यावर सोळा हजार स्वस्त वाटतात. वाटायला नको, पण वाटतात.

गाडीसोबतच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते मी नंतर वाचलं. नेहमीच्या वापरात हे तेल बदलायची गरज नाही. घाट, ओझं, सततची ट्रॅफिक असा कष्टाचा वापर असेल तर दर एक लाख किलोमीटरला बदला. म्हणजे ६२ हजारांवर बदलणं गुन्हा नव्हता, अनेक जुनेजाणते मिस्त्री साठ हजारांनाच बदला म्हणतात. तेल बदलायचा माझा निर्णय चुकला नव्हता, हे मला नोंदवून ठेवायचंय. फक्त ते तेल कुणी बदललंच नाही.

आता ती जागा, जिथे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ग्राहकांच्या बसायच्या खोलीला मोठी काच असते, पलीकडे वर्कशॉप दिसतं. सल्लागारानं मला काचेपाशी नेऊन एक मशीन दाखवलं. लाल रंगाचं, चाकांवरचं, पाइप गुंडाळून बाजूला टांगलेले. "हे बघा, यानं जुनं ऑइल पूर्ण ओढून घेतो आणि नवीन भरतो. ड्रेन करून निम्मंच निघतं, यात शंभर टक्के निघतं." त्यातला निम्म्याचा भाग खरा आहे. खालचा बोल्ट उघडला की फक्त गिअरबॉक्सच्या तळातलं तेल पडतं, टॉर्क कन्व्हर्टरमधलं आतच राहतं. त्यामुळे मला वाटलं, पोरगा जाणकार आहे. खोट्यात थोडं खरं मिसळलं की ते चांगलं पचतं, हे मी स्वतः किती तरी ऑडिट रिपोर्टांत लिहिलंय.

मी १०:५० पासून १२:२० पर्यंत त्या काचेसमोर बसलो होतो. पूर्ण दीड तास ते मशीन माझ्यासमोर, हातभर अंतरावर, जागच्या जागी उभं होतं. पाइप तसेच गुंडाळलेले. वायर तशीच. मधे एका पोरानं येऊन त्यावर चहाचे दोन कागदी कप ठेवले आणि तो निघून गेला. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? आलं असं, की काय ही शिस्त, एवढ्या महागड्या यंत्रावर चहा ठेवतात! मला त्या मशीनची काळजी वाटली. मशीन इथे आहे तर माझ्या गाडीचं तेल कशानं ओढतायत, हा प्रश्न एकदाही पडला नाही. हे आठवलं की अजूनही रात्री उठून बसतो. ते दोन कप डोळ्यांसमोरून जात नाहीत.

माझी बाजूही ऐका. एक वाजता सौ.ची गुडघ्याच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलेली होती, ती घरून तीनदा फोन करत होती. एसी बंद, टीव्हीवर मोठ्यानं बातम्या. अशा वेळी माणूस घड्याळ बघतो, मशीन नाही.

सव्वाबाराला सल्लागार प्लास्टिकची बाटली घेऊन आला. "बघा काका, तुमच्या गिअरबॉक्समधून काय निघालं!" आत काजळासारखं काळंकुट्ट तेल. मी बोट बुडवून पाहिलं, नख काळं झालं. मी चक्क म्हणालो, "बरं झालं वेळेवर आलो." अहो, डिझेल गाडी वापरणाऱ्या माणसाला एवढं कळायला नको? काजळासारखं काळं होतं ते डिझेल इंजिनचं तेल, नवीन भरल्यावर थोड्याच दिवसांत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल नवं असताना बहुधा लाल असतं आणि जुनं झालं की तपकिरी होत जातं, पार वाईट झालं तर गडद तपकिरी आणि करपल्याचा वास. त्या बाटलीला करपल्याचा वास नव्हता. ते दुसऱ्याच कुणाच्या तरी इंजिनचं तेल होतं. मी तेवीस वर्षं डिझेल गाड्या चालवतोय.

बिल असं: तेल ८ लिटर, दर १,१४० प्रमाणे ९,१२० रुपये. मशीननं फ्लशिंगची मजुरी ३,६००. गिअरबॉक्स क्लीनर ८५०. किरकोळ साहित्य १८०. बेरीज १३,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी २,४७५. एकूण १६,२२५. बेरीज मी तिथे उभ्याउभ्या तपासली. बरोबर होती. टिकमार्क करायची सवय जात नाही, पेनानं टिकही केली. कार्डानं पैसे भरले.

झटका गेला नाही. आठ दिवसांनी फोन केला तर म्हणे, "नवीन ऑइल सेट व्हायला हजार किलोमीटर जातात." हे वाक्य कुणीही ऐकवलं तर तिथेच फोन ठेवून गाडी दुसरीकडे दाखवा. तेल सेट होत नसतं. काही गाड्यांत संगणकाला गिअर बदलायची सवय नव्यानं शिकवावी लागते, ती वेगळी गोष्ट, आणि ती स्कॅनर लावून करतात, वाट बघून नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. वर्षानुवर्षं ऑटोमॅटिकचीच कामं करणारा माणूस. गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरी मारली आणि मला खाली बोलावलं. "साहेब, हा बोल्ट कुणी उघडला म्हणालात?" ड्रेन बोल्टवर कंपनीनं मारलेला पिवळ्या रंगाचा ठिपका जसाच्या तसा होता. निम्मा बोल्टवर, निम्मा केसिंगवर (गिअरबॉक्सच्या कवचावर), मधे भेग नाही. वर पाच वर्षांची धूळ. बोल्ट इवलासा जरी फिरला असता तरी ठिपका तुटला असता. मशीनचं काम वरच्या, तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांतून होतं असं मी म्हणालो, आपल्यालाही कळतं हे दाखवायला. त्यानं तेही दाखवलं. पाइपांच्या क्लिपा गंजून जागेवर बसलेल्या, पानाचा एक ओरखडा नाही. मग त्यानं बिल मागितलं, वरून खाली वाचलं आणि विचारलं, "वॉशर कुठाय?"

बोल्ट उघडला की त्याचा वॉशर नवा लावायचा असतो, जुना एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा नीट बसेल याची खात्री नसते. पस्तीस रुपयांची वस्तू. हे लोक कापसाच्या बोळ्याचेही पैसे लावतात, ते वॉशर फुकट देतील? बिलात वॉशर नाही, म्हणजे बोल्टला हात लागलेला नाही. मशीननं केलं म्हणाल, तर क्लिपा बोलतायत. एकतीस वर्षं मी कागदावर काय आहे ते तपासलं. कागदावर काय नाही, ते या माणसानं तीस सेकंदांत पाहिलं.

त्याच्यासमोरच काम करून घेतलं. आधी भरायचा बोल्ट सैल होतोय ना ते पाहिलं, मग खालचा उघडला (उलट केलं आणि वरचा अडकला तर गाडी लिफ्टवरच राहते). ३.६ लिटर तेल पडलं, कडक चहाच्या रंगाचं. मोजून तेवढंच नवं भरलं. मग इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तेलाचं तापमान पन्नासच्या पुढे गेल्यावर, लेव्हलचा बोल्ट उघडून बारीक धार येते का ते पाहिलं. ५०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तसंच. दोनदा निम्मं निम्मं म्हणजे पाऊण तेल नवं झालं, रोजच्या गाडीला पुष्कळ. एका वेळचा खर्च: सीलबंद डबे चार, एमआरपी ८९० प्रमाणे ३,५६०, वॉशर ३५, मजुरी ७००. ४,२९५ रुपये, दोन वेळचे ८,५९०. झटका जवळपास गेला. म्हणजे घरी सांगितलेले आठ हजार तसे खरेच आहेत, फक्त ते दुसऱ्या कामाचे आहेत.

डब्यावरची एमआरपी पाहिली आणि पुन्हा डोकं फिरलं. सर्व्हिस सेंटरचा दर १,१४० अधिक कर, म्हणजे लिटरला १,३४५ रुपये २० पैसे. तेच तेल, तीच कंपनी, डब्यावर ८९०, करासकट. लिटरमागे ४५५.२० जास्त, आठ लिटरला ३,६४१.६०. म्हणजे तेल खरंच घातलं असतं तरी एवढे लुटलेच असते. मॅनेजरला विचारलं तर म्हणतो, "ते बॅरलमधलं लूज ऑइल आहे सर, त्याला एमआरपी नसते." मग बॅरल दाखवा. दाखवलं नाही. तुम्ही गेलात तर कामाच्या आधी विचारा: डबा की बॅरल? डबा असेल तर माझ्यासमोर सील फोडा, रिकामे डबे डिकीत टाका.

पैसे परत मागितल्यावर मॅनेजरनं पुढच्या सर्व्हिसवर २,००० रुपयांची सूट देऊ केली. तिथे पुन्हा गाडी घेऊन जायची, म्हणून सूट! दुसऱ्या मिस्त्रीनं बोल्ट उघडल्यामुळे आता तुमची वॉरंटी धोक्यात आहे, अशी धमकीही वर. वॉरंटी मागच्याच वर्षी संपली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली. त्यांनी ती कुणाकडे पाठवली? त्याच मॅनेजरकडे. चौथ्या दिवशी मेसेज आला, ग्राहकाचं समाधान झाल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. माझ्या समाधानाची बातमी मला मेसेजवर कळली. पुन्हा तक्रार केली, पुन्हा समाधान झालं. तीनदा झालं.

चौकीत गेलो. हवालदारानं अर्ज न वाचताच सांगितलं, "हे सिव्हिल मॅटर आहे काका." न केलेल्या कामाचे पैसे घेणं सिव्हिल कसं, विचारलं तर म्हणे, "त्यांनी तेल बदललं नाही याला साक्षीदार कोण?" बोल्ट साक्षीदार आहे म्हटलं, तर दोघं हसले. वजनमापांच्या एका कार्यालयात गेलो, आठ लिटरचं बिल आणि शून्य लिटर माल हे मापात पाप नाही तर काय? तिथे कळलं की माप कमी भरलं तर त्यांचं काम, मुळीच भरलं नाही तर नाही. हे मी कल्पनेनं लिहीत नाहीये, टेबलापलीकडच्या गृहस्थांनी चष्मा काढून, शांतपणे, जणू मलाच शिकवायचंय अशा थाटात सांगितलं. अर्धा लिटर चोरलं तर गुन्हा, आठ लिटर चोरलं तर दुसरं खातं. मी सरकारी नोकरीतच आयुष्य काढलं, लोकांना असंच परत पाठवलं असेल का आपण, असा विचार जिना उतरताना आला. पाठवलं असेल.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी: ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आणि माझ्यासारखं करू नका. दुसऱ्या मिस्त्रीनं बोल्टला हात लावायच्या आधी व्हिडिओ काढा. मी फोटो काढला, पण बोल्ट सैल केल्यानंतर, तुटलेल्या ठिपक्याचा.

ज्यांच्याकडे एएमटी (क्लच न दाबता गिअर आपोआप पडणारी, स्वस्तातली ऑटोमॅटिक) आहे, त्यांना कुणी फ्लशिंगचं मशीन दाखवलं तर उठून चालू लागा. तो मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, आत गिअर ऑइल. सीव्हीटीवाल्यांनी (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) उलटी काळजी घ्यायची, त्यात सीव्हीटीचंच तेल पाहिजे, लाल एटीएफ, म्हणजे साध्या ऑटोमॅटिकचं तेल, ओतलं तर पट्टा घसरून गाडी खरंच अडीच लाखांवर जाईल. वॉरंटीत असाल तर अधिकृत ठिकाणीच जा, पण लिफ्टखाली उभं राहा. "इन्शुरन्समुळे आत सोडत नाही" म्हणाले तर म्हणा, मग गाडीही सोडत नाही.

मी आयोगातली तक्रार टपालानं वा पोर्टलवर न करता स्वतः नेऊन दिली, जुन्या सवयीनं, तीन प्रतींत, पानांना क्रमांक घालून. सोबत जुना वॉशर प्लास्टिकच्या पुडीत घालून अर्जाला स्टेपल केला होता. खिडकीतल्या बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हे काय?" वॉशर, मॅडम. "वस्तू लावता येत नाही फाइलला. फोटो लावा." फोटो काढून झेरॉक्स आणेपर्यंत दोन वाजले, जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर फोटो लावला. वॉशर घरी कपाटात आहे.