वायरलेस परवाना फी आणि चोपन्नचा स्पीड

फोन खाली पडवीत, कॉम्प्युटर त्याच्या शेजारी, आणि मुलीचा नवा लॅपटॉप माडीवर. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत २००८ साली हीच मांडणी होती. ब्रॉडबँड २००५ पासून शहरांत मिळत होतं, पण आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याचं यंत्र तोवर बसलेलं नव्हतं. जिथं बसलं होतं तिथंही लांबच्या वाड्यांपर्यंत ते पोचत नव्हतं. तेव्हा आहे ते डायल-अपच, म्हणजे फोनच्या तारेवरून नंबर फिरवून लागणारं इंटरनेट, बिनतारी माडीवर नेता येईल का, असं कोणीही दुकानात जाऊन विचारणार. नेता यायचं, आणि फार थोड्या पैशात यायचं. हे पक्कं ठाऊक असलेल्या दुकानदाराने आमच्याकडून ६,४०० रुपये घेतले. कसे घेतले ते सविस्तर लिहितो, कारण तेच बिल आणखी दोन ओळखीच्या घरांत मला बघायला मिळालं.

बिल म्हणजे वहीचा कागद. राउटर (इंटरनेट घरात बिनतारी वाटणारी पेटी) ३,४००, इंटरनेट शेअरिंग सॉफ्टवेअर १,२००, वायरलेस परवाना फी (शासकीय) १,०००, बसवणी ८००. व्हॅट नंबर नाही, राउटरचा सिरियल नंबर नाही, सही म्हणजे एक वेलांटी.

दुकानात त्याने आधी स्पीड दाखवला. त्याच्या कॉम्प्युटरवरचा एक सिनेमा त्याने बिनतारी लॅपटॉपवर ओढून घेतला. बघता बघता आला. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर बाण नेऊन म्हणाला, “मास्तर, मी सांगत नाही, मशीनच सांगतंय. वाचा.” तिथं ५४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला चोपन्न मेगाबिट, लिहिलेलं होतं. “तुमचं आत्ता किती आहे? छप्पन्न ना? ते केबीपीएस, म्हणजे किलोबिट. हे एमबीपीएस. हजारपट झालं.”

यात एकही आकडा खोटा नाही, म्हणून तर माल खपतो. ५४ एमबीपीएस हा राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या हवेतला वेग आहे, तोही कागदावरचा. बाहेरच्या जगातून घरात काय येतं ते फोनची तार आणि त्या तारेवर इंटरनेट लावणारा मोडेम ठरवतात. मोडेम ५६ केबीपीएसचा असला तरी आमच्याकडे लाइन चांगली असेल त्या दिवशी चाळीसच्या आसपास लागायची. विहिरीला झरा करंगळीएवढा असेल तर घरात तीन इंची पाइप फिरवून कळशी लवकर भरत नाही. एक एमबीचा फोटो चाळीसच्या वेगाने उतरायला तीन मिनिटांच्या वर लागतात. खालचा कॉम्प्युटर आणि वरचा लॅपटॉप एकदम चालू असले तर तोच वेग दोघांत वाटला जातो, म्हणजे साडेसहा-सात मिनिटं. दुकानातला सिनेमा इंटरनेटवरून आलाच नव्हता. या टेबलावरून त्या टेबलावर गेला होता.

बसवायला आलेल्या पोराने आधी फोनची तार सरळ राउटरच्या मागच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत घातली. फोनची क्लिप लहान, खाच मोठी, पण आत बसते. दिवा काही लागला नाही. हे कोणाच्या घरी झालं तर तार लगेच काढायला लावा. ही खाच ब्रॉडबँडच्या मोडेमकडून येणाऱ्या केबलसाठी असते, आणि फोन वाजतो तेव्हा तारेत सत्तर-ऐंशी व्होल्ट तरी येतात. साध्या राउटरला नंबर फिरवता येत नाही, त्यात डायल-अप मोडेमच नसतो. तसे राउटर निघालेच नाहीत असं नाही. अ‍ॅपलने १९९९ मध्ये काढलेल्या एअरपोर्टच्या पेटीत ५६ केचा मोडेम आतच होता, आणि काही कंपन्यांच्या राउटरना बाहेरचा मोडेम जोडायला सिरियल पोर्ट असायचा. आम्हाला विकलेल्या पेटीत दोन्ही नव्हतं.

पोराने दुकानात फोन लावला, थोडा वेळ हूं हूं केलं, आणि मग राउटरची केबल कॉम्प्युटरला जोडून कॉम्प्युटरवर काहीतरी केलं. लॅपटॉपवर इंटरनेट लागलं. चिऱ्याच्या दोन जाड भिंती ओलांडून सिग्नल माडीवर अर्धामुर्धाच पोचत होता, पण पोचत होता. “सॉफ्टवेअर टाकलंय. कॉम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवा, नाहीतर सेटिंग जाईल,” एवढं सांगून तो गेला.

गणपतीत माझा पुतण्या पुण्याहून आला तेव्हा या सॉफ्टवेअरचा उलगडा झाला. तो म्हणाला, “काका, यात त्यांनी काहीच टाकलेलं नाही. हे विंडोजमध्ये असतंच.” डायल-अप कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडायच्या, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जायचं, आणि नेटवर्कवरच्या इतरांना हे कनेक्शन वापरू द्यावं या ओळीपुढे टिचकी मारायची. इंटरनेट कनेक्शन शेअरिंग असं त्याचं नाव. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, ते आहे आणि त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही आहे. टिचकी मारली की कॉम्प्युटर स्वतः १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतो आणि लॅपटॉपला पुढचा पत्ता आपोआप देतो. त्या टिचकीचे १,२०० रुपये.

कॉम्प्युटर चालू ठेवायला सांगितलं त्याचं खरं कारणही हेच. फोन लावतो तो कॉम्प्युटर. तो बंद असेल तर राउटर नुसता दिवे लुकलुकवत बसतो. मुळात राउटरचीसुद्धा गरज नव्हती. कॉम्प्युटरला यूएसबीचं वायरलेस अ‍ॅडाप्टर लावून तो आणि लॅपटॉप अ‍ॅड-हॉक पद्धतीने थेट जोडता आले असते. त्याहून सोपं म्हणजे लॅपटॉपच्या कडेलाच फोनच्या तारेची खाच होती, मोडेम आतच! एकाला एकच वापरायचं असेल तर माडीपर्यंत फोनची लांब तार ओढली की काम झालं. लॅपटॉप दुकानात नेला होता तेव्हा त्या माणसाने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला होता. ती खाच त्याला दिसली नसेल यावर माझा विश्वास नाही.

त्या टिचकीच्या खाली आणखी एक टिचकी असते, आणि खरं नुकसान तिने केलं. नेटवर्कवरच्या कोणत्याही कॉम्प्युटरने इंटरनेट मागितलं की आपोआप फोन लावावा, असा तिचा अर्थ. ती चालू ठेवली होती. रात्री माडीवरचा लॅपटॉप झाकायचा राहिला की तो अपडेट शोधायला लागायचा, आणि खाली पडवीत मोडेमची किरकिर सुरू. तेव्हाच्या बिलाप्रमाणे तीन मिनिटांचा एक कॉल धरला तर तासाला वीस कॉल, आठ तासांच्या रात्रीला एकशेसाठ. घरच्यांना वाटायचं फोन बिघडलाय, कारण सकाळी आलेले पाहुणे सांगायचे की रात्रभर एंगेज लागत होता. बिल आल्यावर दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, व्हायरस शिरलाय, अँटिव्हायरस घ्या. तो घेतला नाही, कारण तोवर पुतण्या येऊन गेला होता आणि टिचकी निघाली होती. बिल मात्र भरावं लागलं. कनेक्शन रिकामं राहिलं तर इतक्या मिनिटांनी तोडावं, अशीही एक सोय तिथंच आहे. तीही लावून घ्या.

आता परवाना फी. बिनतारी म्हणजे रेडिओ, रेडिओ म्हणजे सरकार, असा त्याचा युक्तिवाद. आमच्या वडिलांच्या काळी घरच्या रेडिओलाही लायसन्स लागायचं, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना ते लगेच पटलं. प्रत्यक्षात वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तो केंद्र सरकारने जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने ठरावीक शक्तीच्या आत परवानामुक्त केलेला आहे, घरात आणि घराबाहेरही. घरगुती राउटर त्या मर्यादेत बसतो. फी भरायची नसते, वर्षाला नूतनीकरणही नसतं. आमच्या कागदावर मात्र ‘नूतनीकरण पुढील वर्षी’ असं लिहिलेलं होतं!

राउटरला पासवर्डही लावलेला नव्हता. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी पाठवलेल्या ई-मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरात पोचले. तिथलं वायफाय उघडं होतं. आमच्या वाडीत असं काही होईल असं नाही, पण रस्त्यावर उभा राहून कोणीही लॅपटॉप उघडला असता तरी आमच्या पडवीतला फोन लागला असता आणि कॉल आमच्या बिलात पडले असते. डब्ल्यूपीएची, म्हणजे पासवर्डाशिवाय कोणाला जोडू न देणाऱ्या कुलपाची, सोय राउटरमध्येच आहे. ती आधी चालू करा.

पुतण्याने लिहून दिलेला कागद आणि त्या अधिसूचनेची प्रत घेऊन मी दुकानात गेलो. जिल्हा ग्राहक मंचात जायला वकील लागत नाही, एक लाखाच्या आतल्या तक्रारीला (तेव्हा, २००८ मध्ये) शंभर रुपये शुल्क, मुदत दोन वर्षं, एवढं शांतपणे बोललो. परवान्याचे १,००० त्याने गल्ल्यातून काढून दिले. सॉफ्टवेअरचे द्यायला तयार नव्हता, मग ६०० वर आला. राउटर परत घेतला नाही. तुमच्याकडे असा वहीचा कागद असेल तर तो फेकू नका. त्याच्यावर दुकानाचं नाव नसेल तर निदान शिक्का मारून मागा, तक्रार केली तर तोच पुरावा.

पुढे शेजारच्या वाडीतल्या एकांचं ताजं बिल पाहिलं. त्यात परवाना फी नाही. त्या जागी ‘फ्रिक्वेन्सी नोंदणी’ आहे, आणि ती १,२०० झाली आहे.